ब्लीच, विनाइलचं लायनर आणि कापडवाल्यांची जुनी धास्ती

घरगुती रसायनांचा इतिहास हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे असं कळलं, की लोक इतिहास सोडून बाकी सगळं विचारतात. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींकडून उन्हाळ्याच्या तोंडावर हमखास येणारा प्रश्न असा: ‘मागच्या अंगणातल्या स्विमिंग पूलला विनाइलचं लायनर आहे. त्यात किराणा दुकानातलं साधं ब्लीच ओतलं तर लायनर खराब होईल का?’

असा पूल न पाहिलेल्यांसाठी दोन वाक्यं. आत कुठेही फरशी नसते; पत्र्याच्या नाहीतर दुसऱ्या कसल्या भिंती आणि त्यांच्या आत अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचं पीव्हीसीचं सलग अस्तर, बहुतेक वेळा निळं आणि नक्षीदार. पाणी धरून ठेवतं ते हेच, आणि जमिनीत बांधलेल्या पूलचं लायनर बदलायचं म्हणजे काही हजार डॉलर गेलेच.

उत्तर आधीच सांगून टाकते. नीट ओतलेल्या ब्लीचने लायनर खराब होत नाही. पण ही भीती आली कुठून, ते मला जास्त रंजक वाटतं. ती आली आहे कापडातून.

1774 साली स्वीडनमध्ये शीले या औषधविक्रेत्याने क्लोरीन वायू तयार केला आणि त्याने पानाफुलांचा रंग उडतो हेही टिपून ठेवलं. त्या काळी युरोपात लिनन पांढरं करायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागत. कापड राखेच्या पाण्यात उकळायचं, आंबट ताकात भिजवायचं आणि गवतावर उन्हात पसरून ठेवायचं. 1785च्या सुमारास बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने क्लोरीनने हेच काम झटपट होतं असं दाखवलं. पॅरिसजवळच्या जावेल गावातल्या कारखान्याने हा वायू अल्कलीत मुरवून त्याचं पाणी विकायला काढलं. फ्रान्समध्ये ब्लीचला आजही ‘जावेलचं पाणी’च म्हणतात.

पण या नव्या पाण्याने कापड पांढरं व्हायचं आणि कधी कधी हातात घेतलं की फाटायचंही. कापूस आणि लिनन म्हणजे सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या. क्लोरीनचं पाणी रंग खातं तसंच या साखळ्याही तोडतं. द्रावण किती कडक आहे हे मोजायची सोयच नव्हती, सगळा अंदाजपंचे कारभार. रुआँ शहरातल्या देक्रोआझिय नावाच्या रसायनज्ञाने यावर तोड काढली. त्याने गंधकाच्या आम्लात नीळ विरघळवली आणि ठरावीक द्रावण किती निळीचा रंग घालवतं ते मापाच्या नळीत मोजलं. ही पद्धत 1795 साली छापून आली. पूलचं पाणी तपासायच्या किटमध्ये तुम्ही थेंब मोजत रंग जाण्याची वाट पाहता ना, त्याचं हे खापरपणजोबा! माझ्या मते ब्लीचच्या इतिहासातला खरा शोध हाच. द्रव्य तेच राहिलं. किती, कुठे आणि किती वेळ, एवढंच मोजता यायला लागलं.

1799 साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने क्लोरीन विरलेल्या चुन्यात मुरवून त्याची भुकटी केली आणि पेटंट घेतलं. ही ब्लीचिंग पावडर. गावाकडे विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर याच कुळातली.

ब्लीच बाटलीतून घरात आलं ते बरंच नंतर. 1913 साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये पाच जणांनी मिळून एक कंपनी काढली. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठच्या मिठागरांतलं खारं पाणी घ्यायचं, त्यात वीज सोडायची आणि सोडियम हायपोक्लोराइट बनवायचं. पुढे हिचंच नाव क्लोरॉक्स झालं. माल कारखान्यांसाठी होता आणि चांगलाच जहाल होता, 21 टक्क्यांचा. 1916 साली अॅनी मरे या बाईंनी सुचवलं की हाच पातळ करून घरगुती वापरासाठी विकावा. आपल्या किराणा दुकानातून त्यांनी बाटल्या फुकट वाटल्या. तो माल 5.25 टक्क्यांचा होता. पूलच्या दुकानातलं ‘लिक्विड क्लोरीन’ साधारण 10 ते 12.5 टक्क्यांचं असतं. रसायन अगदी तेच, फक्त दुप्पट कडक. म्हणजे ‘पूलचं क्लोरीन चालतं, घरचं ब्लीच नको’ या म्हणण्याला रसायनशास्त्रात काही आधार नाही.

आता लायनरकडे येऊ. 1926 साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सीमन रबर धातूला चिकटवायचा गोंद शोधत होता. गोंद काही सापडला नाही. पण पीव्हीसी नावाचं कडक, ठिसूळ, तोवर बिनकामाचं द्रव्य विशिष्ट द्रवात तापवलं की रबरासारखं लवचिक होतं, हे मात्र सापडलं. त्यातून रेनकोट आले, न्हाणीघराचे पडदे आले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पूलची लायनरंही आली. गंमत म्हणजे पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त, सुमारे 57 टक्के, क्लोरीनच असतं, आणि तेही मिठाच्या पाण्यात वीज सोडूनच मिळवतात. थोडक्यात, ब्लीच आणि लायनर एकाच मिठागरातली भावंडं!

सेल्युलोजसारखं पीव्हीसी ब्लीचला सहज हाती लागत नाही. पाणीपुरवठ्याच्या केंद्रांत हायपोक्लोराइट पीव्हीसीच्या पाइपांतूनच नेतात. मात्र लायनर म्हणजे नुसतं पीव्हीसी नव्हे. त्यात मऊपणासाठी मिसळलेलं द्रव्य असतं आणि वर छापलेली नक्षी असते. कडक ब्लीच एकाच जागी साचून राहिलं तर त्या जागेचा रंग जातो आणि प्लास्टिक लवकर म्हातारं होतं.

इथे जरा गणित करा. 50,000 लिटरच्या पूलमध्ये लिटरमागे 3 मिलिग्रॅम क्लोरीन हवं तर लागतं 150 ग्रॅम, म्हणजे 6 टक्क्यांचं ब्लीच अडीच लिटर. बाटलीत लिटरमागे 60,000 मिलिग्रॅम, पाण्यात मिसळल्यावर 3. वीस हजार पट पातळ! लायनरला जी काही भीती आहे ती मिसळण्याआधीच्या काही क्षणांची. म्हणून पंप चालू ठेवायचा आणि गाळलेलं पाणी परत येतं त्या तोंडासमोर बारीक धारेने ओतायचं.

मग लोक काय करतात? लायनर जपायचं म्हणून क्लोरीनच कमी टाकतात. मला खरी काळजी याची वाटते. 1908 साली न्यू जर्सीत जॉन लील या डॉक्टरने जर्सी सिटीच्या पाण्यात टेनंटची तीच पावडर मिसळायला सुरुवात केली, तीही कोणाची परवानगी न घेता. पाण्यात विष घालता काय, म्हणून कोर्टात गदारोळ झाला. शेवटी निकाल त्याच्या बाजूने लागला. 1910च्या सुमारास ब्राउन विद्यापीठाच्या पोहण्याच्या तलावातही हा उपाय आला. पुढे पोलिओच्या साथींत अमेरिकेतल्या गावोगावी उन्हाळ्यात पूल बंद ठेवत. एकट्या 1952 साली तिथे पोलिओचे सुमारे 58,000 रुग्ण नोंदले गेले. त्या पिढीच्या आईबापांना क्लोरीनचा वास म्हणजे काय वाटत असेल, विचार करा. पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅम क्लोरीन असलं तर ई. कोलाय जंतू मिनिटभरात मरतात, हिपॅटायटिस ए साधारण पाव तासात. नक्षी जपायची म्हणून हे आकडे खाली आणणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

बरं, लायनरचं खरं नुकसान बऱ्याचदा दुसरंच कोणीतरी करतं. ट्रायक्लोरच्या पांढऱ्या वड्या सोयीच्या असतात, हळूहळू विरघळतात, पण त्या आम्लधर्मी असतात. त्यांच्या द्रावणाचा पीएच 3च्या आसपास. नुसत्या वड्यांवर पूल चालवला आणि पीएच बघितलाच नाही, तर पाणी आम्लाकडे झुकतं आणि अशा पाण्यात फार दिवस राहिलेलं लायनर फुगतं, त्याला सुरकुत्या पडतात. वडी तळाशी जाऊन बसली तर तिथे गोल पांढरा डाग पडतो, आणि नाव होतं ब्लीचचं.

जाता जाता दोन गोष्टी. सुगंधी किंवा घट्ट केलेलं ब्लीच पूलसाठी नको, साधंच घ्या. आणि ब्लीच कधीही आम्लात किंवा वड्यांच्या डब्यात ओतू नका. शीलेच्या प्रयोगशाळेत होता तोच वायू तुमच्या नाकाशी तयार होईल, आणि बंद डबा असेल तर फुटेलसुद्धा.