यंत्राचा दाह आणि मंद वारा

भिवंडीच्या यंत्रमागांचा खडखडाट ज्यांनीं ऐकला आहे, त्यांस संगणकाच्या पंख्याची घरघर क्षुल्लक वाटेल. परंतु दिवसभर तो खडखडाट सोसून रात्रीं अभ्यासास बसणाऱ्या मुलास तीहि नकोशी होते.

या घरघरीचें मूळ उष्णतेंत आहे. 1960 सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत जो संगणक सिद्ध झाला व पुढें ‘टिफ्रॅक’ हें नांव पावला, त्यांत सुमारें 2,700 निर्वात नळ्या होत्या; त्या दिव्यांप्रमाणें तापत. पुढें नळ्या जाऊन ट्रान्झिस्टर आले, यंत्र मेजावर मावूं लागलें. पण दाह नखाएवढ्या जागेंत एकवटला आणि पंखा अपरिहार्य झाला.

अॅल्युमिनियमची पेटी पोलादी पेटीहून हलकी खरी. पण पातळ पत्रा पंख्याच्या कंपानें परातीसारखा वाजतो. त्यावर उपाय असा: पेटीचें छिद्र वाढवून लहान, वेगवान पंख्याच्या जागीं मोठा, मंद पंखा लावावा आणि मध्यें रबरी चकत्या घालाव्या. कोणत्याहि पंख्याचा वेग निम्मा केला कीं त्याचा आवाज सुमारें 15 डेसिबलनें उतरतो. हवेची तूट मोठीं पातीं भरून काढतात.

ज्या गांवाची भाकरी खडखडाटावर भाजली जाते, त्याला निवांतपणाचें मोल निराळें सांगावें लागत नाहीं.