आगगाडीच्या कंपनीची तलवार

दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी लष्करी अधिकाऱ्याची तलवार बाहेरून ओळखायला सोपी. मुठीच्या आणि म्यानाच्या साजावर साकुराची फुलं, मुठीवर तिरकी गुंफलेली फीत, खाली लोंबणारा गोंडा. गोंडा तपकिरी-निळा असेल तर धनी कॅप्टन किंवा त्याच्या खालचा, तपकिरी-लाल असेल तर मेजर ते कर्नल, त्यात सोनेरी धागा आला की जनरल. पण पातं कुणी घडवलं, हे यातलं काहीच सांगत नाही. अधिकारी तलवार पदरच्या पैशानं घ्यायचे; कुणी घराण्यातलं जुनं पातं लष्करी साजात बसवायचं, कुणी नवं विकत घ्यायचं. खरी ओळख पटते ती मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढली आणि मूठ ओढून घेतली की. मुठीच्या आत जाणाऱ्या पात्याच्या भागाला जपानीत नाकागो म्हणतात. घडवणारा आपलं नाव तिथे कोरतो.

काही नाकागोंवर मात्र लोहाराचं नाव नसतंच. तिथे ‘कोआ इश्शिन’, म्हणजे आशियाच्या उत्कर्षासाठी एकदिल, अशी अक्षरं असतात, त्याखाली ‘मान्तेत्सु’नं घडवल्याची नोंद आणि वर त्या मान्तेत्सुचं बोधचिन्ह. मान्तेत्सु म्हणजे दक्षिण मांचुरिया रेल्वे कंपनी! १९०५ च्या पोर्ट्समथ तहानं रशियाकडून मिळालेला लोहमार्ग चालवायला जपाननं १९०६ मध्ये ती काढली. तलवारी निघाल्या तिच्या दाइरेनच्या, म्हणजे आजच्या दालियनच्या, रेल्वे कारखान्यातून.

जपानी लष्करी तलवारीचा आधीचा प्रवास थोडक्यात असा. १८७६ च्या फर्मानानं सामुराईंच्या कमरेच्या तलवारी उतरल्या, सैन्यात युरोपी घाटाच्या मुठी आल्या, आणि १९३४ मध्ये ‘ताची’ या जुन्या जपानी तलवारीचा घाट पुन्हा परतला. अधिकारी हजारोंनी वाढले. पारंपरिक पद्धतीनं वाळूतलं लोखंड भट्टीत गाळून केलेलं तामाहागाने पोलाद तेवढ्यांना कुठून पुरणार?

इथेच ती प्रसिद्ध आख्यायिका येते: मान्तेत्सुच्या तलवारी जुन्या रुळांच्या आहेत. लिलावांत आणि संग्राहकांच्या बैठकीत ती ठामपणे सांगितली जाते. मला ती मुळीच पटत नाही. ती कशी जन्मली असावी, हे बोधचिन्हाकडे नीट पाहिलं की लक्षात येतं. इंग्रजी ‘एम’ अक्षराच्या पोटात रुळाचा आडवा छेद आहे, खाली रुंद पाया, मध्ये बारीक कंबर, वर डोकं. रुळाचं चित्र असलेली तलवार रुळाचीच, असं पाहणाऱ्यानं ठरवून टाकलं असणार.

आता पात्याची घडण पाहा. जपानी तलवारीला सहसा दोन स्वभावांचं लोखंड लागतं: धार टिकवायला बाहेर कडक पोलाद आणि घाव सोसायला आत मऊ गाभा. रूळ आरपार एकाच जातीचा. त्याचं कवच होईलही, पण तो मऊ गाभा कसा होणार? म्हणजे आख्यायिका खरी धरली तरी अर्ध्याच तलवारीला पुरते. शिवाय जिनं १९१८ च्या सुमारास अन्शानला स्वतःचा लोखंडाचा कारखाना उभारला, त्या कंपनीला झिजलेले रूळ वितळवत बसायची गरज काय?

मान्तेत्सुची खरी करामत वेगळीच आहे. तिथे कडक पोलादाची नळी घेत, तिच्या पोकळीत मऊ लोखंडाची सळई सरकवत, मग दोन्ही तापवून घणाखाली एकजीव करत आणि त्यातून पातं ओढत. यावर काही जाणकार म्हणतात की हे जुन्या ‘कोबुसे’ पद्धतीचंच यांत्रिक रूप. कोबुसेत कडक पोलादाची पट्टी पन्हळीसारखी दुमडून तिच्यात मऊ गाभा बसवतात. मला हे अपुरं वाटतं. पन्हळीची एक बाजू उघडी असते. नळी चहूबाजूंनी बंद. तलवारीच्या लोहाराला नळीत सळई सरकवायचं सहजी सुचणार नाही. ज्यांचा अख्खा दिवस इंजिनाच्या बॉयलरच्या नळ्यांत जातो, त्यांना ते सुचेल. याच कारखान्यानं पूर्वी, शाकाकोऊ या नावानं, मान्तेत्सुची ‘एशिया एक्सप्रेस’ गाडी ओढणारी काही ‘पाशिना’ इंजिनं १९३४ मध्ये बांधली होती. माझा कयास असा की या तलवारीचं कूळ रुळात शोधू नये, बॉयलरच्या नळीत शोधावं.

सालाची नोंदही पाहण्याजोगी. नाकागोच्या दुसऱ्या बाजूला ‘शोवा’ या राजवटीच्या नावापुढे आकड्यांऐवजी साठ वर्षांच्या चक्रातलं नाव आणि ‘वसंत’ असं कोरलेलं असतं. आपल्या पंचांगातली साठ संवत्सरं ठाऊक असणाऱ्याला हे लगेच कळेल: त्यांचं ‘त्सुचिनोतो-उ’ म्हणजे १९३९, आपलं प्रमाथी संवत्सर. नाकागोच्या पाठीवर एक अक्षर आणि क्रमांक असतो, इंजिनाच्या सुट्या भागावर ठोकावा तसा. म्हणून नाकागोवरचा गंज कधीही घासू नये. घासला की क्रमांकाच्या कडा बोथट होतात, आणि कोरीव काम मूळचं की मागाहून कुणी केलेलं, हे ठरवणारा पुरावाच पुसला जातो.

जपानमध्ये मात्र अशा पात्यांची वाट बिकट आहे. युद्धानंतरच्या कायद्यानं तिथे तलवार बाळगायची तर ती कलावस्तू म्हणून नोंदवावी लागते, आणि कारखान्यात घडलेल्या लष्करी पात्यांना ती नोंद सहसा नाकारली जाते. १९४५ च्या शरणागतीत दोस्त सैनिकांच्या हाती लागून परदेशी गेलेल्यांना ही अडचण नाही. मान्तेत्सुची तलवार शोधणाऱ्यानं म्हणूनच आधी त्यांच्या मुठी उघडून पाहाव्यात.