महाराज उभे राहिले तेव्हा

आमची आजी देवासची, त्यातही थोरल्या पातीची. हे 'त्यातही' ती फार ठासून म्हणायची. देवासात पवारांची दोन संस्थानं, थोरली पाती नि धाकटी पाती, एकाच गावात नांदली. टेकडीवर देवीही दोन, मोठी माता नि छोटी माता. 1948 साली दोन्ही संस्थानं मध्य भारतात विलीन झाली, पण धाकट्या पातीकडची सोयरीक आली की आजी आधी जरा गप्पच बसायची.

मतदानाला जायचा तिला भारी कंटाळा. "कोण कुठला माणूस, त्याच्यासाठी उन्हात कोण जाणार?" मग 1990 साली थोरल्या पातीचे तुकोजीराव विधानसभेला उभे राहिले आणि बाईंनी पहाटेच न्हाणं उरकलं. ठेवणीतलं नऊवारी निघालं. घरात पोहे-जिलबी आलेली, पण तिने तोंडात घास घातला नाही. "महाराजांना देऊन येते, मग खाते." ती अनवाणी गेली असं आई सांगायची, तर काका म्हणतो टांगा केला होता. मला अनवाणीच बरं वाटतं.

तेव्हा कागदी मतपत्रिका आणि शिक्का. कागद उलगडून आजी म्हणे तिथल्या बाबूला विचारती झाली, "यात महाराजांचा फोटो कुठाय?" आईने घरून कमळ घोकून घेतलेलं, ते ऐनवेळी आठवलं म्हणून निभावलं. घरी आल्यावर मात्र हिरमुसलेली. आहेराला जावं नि यजमान भेटूच नयेत, तसं काहीसं.

तुकोजीराव पुढे 2013 पर्यंत सहा वेळा निवडून आले. 2015 मध्ये ते गेले, त्यांच्या जागी त्यांच्या पत्नी गायत्रीराजे आल्या. ते पाहायला आजी नव्हती.

पण माणूस आवडतो म्हणून मत पडतंच, असंही नाही. 2019 च्या लोकसभेला काँग्रेसने प्रल्हादसिंह टिपानियांना उभं केलं. कबीर गाणारे, पद्मश्री. कुमार गंधर्वांनी जिथे हयात काढली त्या देवासात निर्गुणी भजनाला माणसं कमी पडतील होय? काका तंबुऱ्याच्या आवाजामागे सभेला गेला नि रात्री गुणगुणतच परतला. आम्ही विचारलं, मत? तर म्हणाला, "भजन भजनाच्या जागी." टिपानिया साडेतीन लाखांहून जास्त मतांनी पडले. काका अजून त्यांची भजनं लावतो.

धारच्या आत्याची गोष्ट मात्र वेगळी. 2008 च्या विधानसभेला तिने आजीचंच पालुपद लावलं, "आपलं कुणी उभं नाही, काय करायचंय जाऊन?" त्या दिवशी घरी पाहुणे, दाल-बाफल्यांचा बेत. बाफले शेकून तुपात सोडता सोडता दिवस कलला. निकाल लागला तर नीना वर्मा एका मताने विजयी! एका! पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या त्या वेगळ्याच. पण आमच्या घरात त्या एका मताचा हिशेब थेट आत्याच्या ओट्यापाशी येऊन थांबला. दर दिवाळीला कुणीतरी बाफल्यांचा विषय काढतंच, नि ती पदराने तोंड पुसत हसते. गेली असती तर मत कुणाला दिलं असतं, हे मात्र तिने आजतागायत सांगितलेलं नाही.