पायरी सांगणारा माणूस

चपला बाहेरच काढा. हो, इथेही तीच पद्धत आहे.

इसवी सनापूर्वी 484 उलटून गेलं आहे. तुम्ही लू राज्याच्या राजधानीत, म्हणजे आजच्या चीनमधल्या शानतुंग प्रांतातल्या छुफू गावात, एका घराच्या उंबऱ्याशी उभे आहात. माती चोपून चोपून दगडासारख्या टणक केलेल्या भिंती. अंगावर वाखाचा जाडाभरडा अंगरखा, मानेला टोचणारा. कागद शोधू नका, तो यायला काही शतकं आहेत. कोपऱ्यात बांबूच्या पट्ट्या दोरीत ओवून गुंडाळून ठेवल्या आहेत, तेच पुस्तक. टिपणवही आणली असेल तर ती पिशवीतच राहू द्या.

खुर्चीही नाही. चटईवर गुडघे दुमडून टाचांवर बसायचं. वज्रासनाची सवय असेल तर निभेल, नाहीतर लवकरच पायाला मुंग्या येतील. तुमच्या शेजारचा मुलगा सुक्या मांसाची जुडी घेऊन आला आहे. ती त्याची गुरुदक्षिणा. याहून जास्त कुणी मागत नाही.

समोर सत्तरीकडे झुकलेले, चांगलेच उंच गृहस्थ बसले आहेत. सुमारे चौदा वर्षं राज्याराज्यांतून हिंडून ते नुकतेच घरी परतले आहेत. कारभार कसा करावा हे त्यांनी राजांना सांगितलं, राजांनी आदराने ऐकून घेतलं आणि आपापल्या वाटेने गेले. आता उरली आहेत ती ही शिष्यमंडळी. पुढे चिनी लोक त्यांना खुंग-फूत्स, म्हणजे खुंग गुरुजी म्हणतील आणि युरोपातले पाद्री त्या नावाचं कन्फ्यूशियस करतील.

तुम्ही घरून पाच शब्द पाठ करून आला आहात. रेन म्हणजे माणुसकी. यी म्हणजे योग्य तेच करणं. ली म्हणजे रीतभात, त्यात यज्ञविधीपासून पाहुण्याला कुठे बसवावं इथपर्यंत सगळं आलं. चिह् म्हणजे शहाणपण आणि शिन म्हणजे दिल्या शब्दाला जागणं. गुरुजींकडून एकेकाची पक्की व्याख्या घ्यायची, असा तुमचा बेत आहे.

जरा थांबा. आधी त्झलू विचारतो आहे. हा आडदांड, तापट, गुरुजींवर जीव टाकणारा शिष्य. चांगली गोष्ट कानावर पडली की लगेच करावी का, असं तो विचारतो. गुरुजी त्याला सबुरीने घ्यायला सांगतात. वडील आहेत, थोरला भाऊ आहे, आधी त्यांना विचार. मग रान-यौ हाच प्रश्न विचारतो आणि गुरुजी त्याला सांगतात, लगेच कर. तुमच्या शेजारी बसलेला तिसरा शिष्य चक्रावतो आणि तोंडावरच विचारतो, हे कसं काय? गुरुजी उलगडा करतात. रान-यौ मागेमागे राहतो, म्हणून त्याला पुढे ढकललं. त्झलूमध्ये दोघांचा जोर आहे, म्हणून त्याला आवरलं.

तुमच्या व्याख्येचं काय झालं, ते लक्षात आलं असेल.

मागच्या अंगणात या. इथला तबेला एकदा जळाला होता. दरबारातून परतलेल्या गुरुजींनी पहिला प्रश्न केला तो कुणाला भाजलं-बिजलं का, हा. घोड्यांबद्दल त्यांनी विचारलं नाही. घोडा ही इथे मोठी दौलत आणि तबेल्यात राबणारा माणूस अगदी खालच्या पायरीवरचा, हे ध्यानात घेतलंत तर त्या प्रश्नाचं वजन कळेल. शिष्यांनी ती आठवण व्याख्यानासारखी जपून ठेवली. रेन हे अक्षर लिहिताना एका बाजूला माणूस काढतात आणि दुसऱ्या बाजूला दोनचा आकडा. एकट्याने अंगी बाणवायचा हा गुण नव्हे, त्याला समोर दुसरा माणूस लागतो.

आता दाराशी गलबला होतो आहे. मियान नावाचे वादनगुरू आले आहेत. या काळातले दरबारी वादक पुष्कळदा आंधळे असतात, तसे हेही. गुरुजी स्वतः उठतात. ओट्याशी आल्यावर पायरी आल्याचं सांगतात. आत आल्यावर चटई आल्याचं सांगतात. सगळे बसले की खोलीत कोण कोण आहे आणि कोण कुठे बसलं आहे, ते एकेकाचं नाव घेऊन सांगतात. तुमच्याकडेही हात होतो. तो हात आंधळ्या पाहुण्याला दिसणार नाही, तरीही होतो.

पाहुणे गेल्यावर त्झचांग हा तरुण शिष्य विचारतो, वादनगुरूंशी बोलायची हीच रीत का? गुरुजी होकार देतात. अंधाला साथ द्यायची रीत हीच.

एवढंच. ली म्हणजे पोकळ शिष्टाचार, असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. इथे ती दिसते तशी आहे: दुसऱ्याला काय दिसत नाही हे ओळखून, त्याला ओशाळं न करता, ते सांगणं.

चला, उजेड आहे तोवर पुढची शतकं भराभर ओलांडू. दुसऱ्या शतकात, अजून इसवी सनापूर्वीच, हान दरबारातला विद्वान तुंग चुंग-शू पाच गुणांना एका माळेत ओवतो. सोबत राजा-प्रजा, बाप-मुलगा, नवरा-बायको ही तीन बंधनंही येतात आणि तिन्हींत एकाने सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं. 1313 मध्ये युआन सम्राट सरकारी नोकरीच्या परीक्षांसाठी या परंपरेतले चार ग्रंथ आणि त्यांवरचं चू शी या विद्वानाचं भाष्य ठरवून देतो. नानचिंगच्या परीक्षागृहात डोकावा. हजारो अरुंद खोपटी, प्रत्येकात एक उमेदवार, आणि माणुसकीवरचा निबंध ठरलेल्या साच्यात. गावाबाहेर दगडी कमानी दिसतील. त्या पुन्हा लग्न न केलेल्या विधवांच्या सन्मानार्थ आहेत. त्या कमानीच्या सावलीत क्षणभर उभे राहा. पायरी सांगायची रीत माणसाला जखडायची रीत कशी झाली, ते इथे कळतं.

1905 मध्ये परीक्षा बंद होतात. 1918 मध्ये लेखक लू शुन ‘एका वेड्याची रोजनिशी’ ही कथा लिहितो आणि सद्गुणांच्या शब्दांआड माणसं खाण्याचा धंदा चालला आहे, असं त्या वेड्याला दिसतं. 1966 च्या नोव्हेंबरात, सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत, रेड गार्ड्‍स छुफूला येऊन गुरुजींच्या थडग्यावरची शिळा फोडतात. याच थडग्यापाशी त्झकुंग हा शिष्य सहा वर्षं झोपडी बांधून राहिला होता.

आणि 1 जुलै 2013. चीनमध्ये ज्येष्ठांच्या हक्कांचा सुधारित कायदा लागू होतो. वेगळं राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांना वरचेवर भेटावं, नाहीतर निदान त्यांची खुशाली विचारावी, असं त्यात लिहिलेलं आहे. आईवडिलांविषयीच्या या कर्तव्याला चिनी भाषेत श्याओ म्हणतात. गुरुजींकडे हा विषयही निघाला होता. खायला तर आपण कुत्र्या-घोड्यांनाही घालतो, मग आदर नसेल तर फरक काय, असा त्यांचा सवाल होता. अवघड असतो तो चेहरा, असंही त्यांनी एकाला सांगितलं. कायदा पोराला दारापर्यंत आणील. तिथे त्याच्या चेहऱ्यावर काय असेल, ते कुठल्याही कलमात बसत नाही.

परतायची वेळ झाली. उंबऱ्याशी चपला जिथे काढल्या तिथेच आहेत. शिष्यांनी गुरुजींच्या आठवणी ज्या ग्रंथात जपल्या, त्यात ते पाच शब्द एका ओळीत कुठेही येत नाहीत. ती माळ नंतरच्यांनी ओवली. आंधळ्या पाहुण्याला पायरी सांगितल्याची नोंद मात्र त्यात आहे.