विद्यार्थी-प्रकल्प अनुदान (देणगीनिधीतून)

विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतः आखलेला आणि ठरावीक मुदतीत स्वतःच पार पाडायचा उपक्रम तडीस जावा, म्हणून एखादी व्यक्ती, कुटुंब वा विश्वस्त निधी यांच्या देणगीतून मिळणारी एकरकमी मदत. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला मिळते, अनुदान त्याच्या कामाला. त्यामुळे शिष्यवृत्तीच्या अर्जात गुणपत्रिकेला जो मान असतो, तो येथे अंदाजपत्रकाला असतो. सरकारी संशोधन अनुदाने आणि स्पर्धांची पारितोषिके यांचा विचार येथे केलेला नाही. नोंदीचा भर अमेरिकेतील ‘प्रोजेक्ट्स फॉर पीस’ या योजनेवर आहे. तिची अर्जपद्धती नमुनेदार आहे आणि पुणे जिल्ह्याशी तिचा जुना संबंध आहे.

पूर्वपीठिका : विद्यार्थ्याला पैसे देऊन बाहेर पाठवावे आणि त्याने काय पाहिले ते कळवावे, ही प्रथा जुनी आहे. केंब्रिज येथील विल्यम वॉर्ट्स १७०९ मध्ये निवर्तला. त्याच्या मृत्युपत्रातून केंब्रिज विद्यापीठातील पदवीधरांच्या परदेश प्रवासासाठी निधी उभा राहिला. मुंबई विद्यापीठात सर मंगलदास नथुभाई यांनी १८६० च्या दशकात २०,००० रुपये देऊन प्रवासी फेलोशिप सुरू केली. प्रेमचंद रायचंद यांनी १८६६ मध्ये कलकत्ता विद्यापीठाला २ लाख रुपये दिले. त्यांतून त्यांच्या नावाची अभ्यासवृत्ती निघाली. मुंबईकरांना प्रेमचंद राजाबाई मनोऱ्यामुळे ठाऊक आहेत, बंगाली विद्वानांना या अभ्यासवृत्तीमुळे. या सर्व निधींत रक्कम व्यक्तीच्या नावे होती. विद्यार्थ्याने सुचवलेल्या कामाला पैसे देण्याची रीत प्रामुख्याने विसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकेत रुळली. तेथील वॉटसन फेलोशिप (१९६८) ही या दोहोंच्या मधली पायरी म्हणता येईल : विषय विद्यार्थी निवडतो, पण त्याने वर्षभर देशाबाहेर राहावे एवढीच मुख्य अपेक्षा असते.

प्रोजेक्ट्स फॉर पीस : कॅथरिन वॉसरमन डेव्हिस (१९०७–२०१३) यांनी २००७ मध्ये आपल्या शंभराव्या वाढदिवसानिमित्त १० लाख डॉलर दिले, प्रत्येकी १०,००० डॉलरचे १०० प्रकल्प अशी ती विभागणी होती. डेव्हिस यांचे शिक्षण वेलस्ली, कोलंबिया आणि जिनीव्हा येथे झाले. राष्ट्रसंघ आणि सोव्हिएत रशिया यांच्या संबंधांवर प्रबंध लिहून त्यांनी १९३४ मध्ये जिनीव्हा विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. कुटुंबाची संपत्ती पती शेल्बी कलम डेव्हिस यांनी मुख्यतः विमा कंपन्यांच्या समभागांतून उभी केली होती. एका वर्षापुरती मानलेली ही देणगी पुढे वार्षिक झाली. योजनेचा कारभार व्हरमाँट राज्यातील मिडलबरी कॉलेजातून चालतो.

‘शांतता’ म्हणजे काय, याची व्याख्या योजनेने मुद्दाम केलेली नाही. परिणामी विहिरीपासून नाट्यशिबिरापर्यंत काहीही अर्जात येऊ शकते. अर्जदाराची पहिली कसोटी इथेच लागते, कारण शौचालय बांधल्याने शांतता कशी नांदेल, हे त्यालाच सांगावे लागते.

महाराष्ट्राशी संबंध : डेव्हिस कुटुंबातील शेल्बी एम. सी. डेव्हिस यांनी २००० मध्ये युनायटेड वर्ल्ड कॉलेजच्या (यूडब्ल्यूसी) विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती योजना सुरू केली. आरंभी प्रिन्स्टन, मिडलबरी, कोल्बी, वेलस्ली आणि कॉलेज ऑफ द अटलांटिक या पाच संस्था तीत होत्या. प्रोजेक्ट्स फॉर पीसची पात्रता मोठ्या प्रमाणावर याच भागीदार महाविद्यालयांच्या यादीवर उभी आहे. मुळशी तालुक्यातील पौडजवळ १९९७ पासून यूडब्ल्यूसी महिंद्र कॉलेज चालते. तेथून अमेरिकेत गेलेला विद्यार्थी भागीदार महाविद्यालयात असेल, तर तो अर्ज करू शकतो आणि प्रकल्प परत मुळशी खोऱ्यातही राबवू शकतो. अर्जदार यूडब्ल्यूसीचा असलाच पाहिजे असे मात्र नाही; भागीदार महाविद्यालयात पदवीचे शिक्षण घेत असणे पुरते.

अर्ज : अर्ज थेट मिडलबरीला जात नाही. आधी महाविद्यालयाची स्वतःची छाननी होते. तेथील समिती मोजकेच प्रस्ताव निवडून पुढे धाडते, त्यामुळे खरी चुरस घरच्याच मैदानात असते. शरद ऋतूत घोषणा, हिवाळ्यात महाविद्यालयाची निवड, वसंतात निकाल, उन्हाळी सुट्टीत काम आणि त्यानंतर अहवाल असा साधारण क्रम आहे. एकट्याने किंवा गटाने अर्ज करता येतो. निवेदनाला दोन पृष्ठांची आणि अंदाजपत्रकाला एका पृष्ठाची मर्यादा दीर्घकाळ होती. दोन पृष्ठांत काय, कुठे, कोणासोबत, का आणि नंतर काय, एवढे बसवायचे. पहिला अर्धा भाग देशाच्या इतिहासात घालवणारे अर्ज फार असतात. भागीदार संस्थेचे नाव तिसऱ्या परिच्छेदापर्यंत आले नाही, तर वाचणारा साशंक होतो.

अंदाजपत्रक : नोंदीचा हा भाग लांबला आहे, पण अर्ज पडतात ते बहुधा इथेच. समजा, मुळशीतील जिल्हा परिषदेच्या एका शाळेत वाचनालय उभे करायचे आहे. विमानभाडे १,४००, दोन महिन्यांचा निवास व भोजन १,०००, पुस्तके व लोखंडी कपाटे ३,५००, खोलीची डागडुजी, रंग व वीजजोडणी १,८००, शिक्षकांचे व गावातील तरुणांचे प्रशिक्षण १,२००, छपाई ४००, आकस्मिक खर्च ७००. एकूण १०,००० डॉलर. तक्ता दिसायला नेटका आहे. समिती मात्र त्यात दुसरेच शोधते. प्रवास आणि राहणे मिळून रकमेचा किती हिस्सा खाल्ला जातो? येथे तो जवळजवळ चौथा आहे, म्हणजे चालण्यासारखा. निम्म्यावर गेला की प्रकल्प सहलीसारखा वाटू लागतो. प्रत्येक बाबीचा दर कोठून घेतला? कपाटांसाठी दुकानदाराचे दरपत्रक जोडलेले असेल, तर आकडा सुटा असला तरी पटतो. शेवटी शून्ये असलेले सगळेच आकडे पाहिले, की ते मनाने घातले आहेत हे कळते. काम संपल्यावर विद्यार्थ्याबरोबर परत जाणारी वस्तू, म्हणजे कॅमेरा किंवा लॅपटॉप, हमखास खटकते. ‘इतर’ या सदराखाली मोठी रक्कम कधीही घालू नये.

विनिमय दराचा परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. अनुदानाचा डॉलरमधला आकडा दीर्घकाळ तोच राहिला, पण २००७ च्या दराने त्याचे सुमारे चार लाख रुपये होत. आजच्या दराने ते आठ लाखांच्या वर जातात. अमेरिकेतच प्रकल्प करणाऱ्याला तीच रक्कम वर्षागणिक कमी पुरते. भारतासारख्या देशांतील प्रस्तावांना यामुळे आपोआप वजन येते का, याविषयी मतभेद आहेत.

पावत्यांचा प्रश्न अंदाजपत्रक लिहितानाच सोडवावा लागतो. तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात भाव विचारला, तर तो कच्च्या चिठ्ठीचा सांगितला जातो. पक्के बिल मागितले की त्यावर जीएसटी चढतो. अर्जात कच्चा भाव लिहिलेला असतो आणि महाविद्यालयाला पक्के बिल हवे असते, म्हणून पहिल्याच आठवड्यात अंदाजपत्रक तुटीत जाते. गवंडी, सुतार आणि गड्यांची मजुरी रोखीत जाते. तिच्यासाठी नाव, काम, दिवस, दर, रक्कम आणि सही वा अंगठा अशी व्हाउचर करावीत. ५,००० रुपयांवरील पावतीला एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो. प्रत्येक वेळी पैसे बदलल्याची बँकेची चिठ्ठी जपली नाही, तर रुपयांतला खर्च डॉलरमध्ये कोणत्या दराने दाखवायचा, हा घोळ शेवटपर्यंत सुटत नाही. अमेरिकेतील महाविद्यालयाच्या लेखाविभागाला मराठीतील बिल वाचता येत नाही. बिलाच्या मागे इंग्रजीत एक ओळ लिहून ठेवावी.

परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकेत मिळणाऱ्या अनुदानाच्या करपात्र भागावर कर कापला जाऊ शकतो; एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्यांसाठी कपातीचा दर सामान्यतः १४ टक्के आहे. काम देशाबाहेर झाले असल्यास नियम वेगळे लागतात. रक्कम हाती येण्यापूर्वी हे महाविद्यालयाच्या वित्त कार्यालयाकडून लेखी घ्यावे.

स्थानिक संमती : ज्यांच्याबरोबर काम करायचे, त्या सर्वांची पूर्वसंमती अर्जापूर्वीच असावी लागते. महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळेच्या बाबतीत मुख्याध्यापकाचे तोंडी ‘या की’ पुरेसे नसते. शाळा व्यवस्थापन समिती, गटशिक्षणाधिकारी आणि बांधकाम असल्यास ग्रामपंचायतीचा ठराव, एवढ्या दारी जावे लागते. सरपंचांचे पत्र लेटरहेडवर, जावक क्रमांकासह घ्यावे. हिवाळ्यात अमेरिकेत बसून फोनवर ते मिळत नाही. म्हणून गावातला एक भरवशाचा माणूस हा या अर्जाचा खरा आधार असतो आणि नेमके त्याचेच नाव मुखपृष्ठावर नसते.

ऋतुमान : अमेरिकेतील उन्हाळी सुट्टी म्हणजे आपल्याकडचा पावसाळा. विदर्भ सोडून बहुतेक शाळा जूनच्या मध्याला उघडतात, जुलैत मावळ-मुळशीत भातलावणी चालू असते आणि गावातील बायाबापे दिवसभर खाचरात असतात. सकाळी अकराला बोलावलेल्या महिला मेळाव्याला कोणी येत नाही, यात उदासीनता नसते. गिलावा वाळत नाही, रंगाला फुगे येतात, घाटातला रस्ता बंद पडला की कपाटे पुण्यातच अडकतात. कोरडवाहू प्रदेशात पेरणी लांबली, तर लोकांचे मन कशातच नसते. प्रशिक्षण, पुस्तकांची निवड, मुलांची गोष्टींची शिबिरे यांसारखी छपराखालची कामे धरणारे प्रस्ताव म्हणून अधिक टिकतात. बांधकाम भागीदार संस्थेने मेअखेर उरकून घ्यावे, हा उपाय सुचतो. तोपर्यंत अनुदानाची रक्कम हाती आलेली असेलच असे नाही.

परकीय निधीचा कायदा : भारतात काम करणाऱ्या अर्जदाराने परकीय योगदान (नियमन) कायदा, २०१० म्हणजेच एफसीआरए डोळ्याआड करू नये. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने तीन मोठे बदल झाले. परकीय निधी मिळालेल्या संस्थेला तो दुसऱ्या कोणत्याही संस्थेकडे वळवता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. हा पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावा लागतो. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी आणि त्या काळात तिने १५ लाख रुपये कामावर खर्च केलेले असावेत, अशीही अट आहे. गावपातळीवरील महिला मंडळ किंवा तरुण मंडळ यांत बसत नाही. ज्यांच्यापर्यंत पोहोचावे अशी देणगीदाराची इच्छा असते, अशा लहान संस्थांच्या हाती पैसा देता येत नाही. नोंदणीकृत मोठी संस्था शोधावी लागते आणि ती सहसा शहरात असते.

शिष्यवृत्ती, विद्यावेतन आणि तत्सम रक्कम यांना कायद्यात सूट आहे. विद्यार्थ्याच्या नावे आलेले प्रकल्प अनुदान त्या सुटीत मोडते काय, याविषयी एकमत दिसत नाही. चार्टर्ड अकाउंटंटचा लेखी सल्ला घेणे श्रेयस्कर.

अहवाल : काम संपल्यावर लेखी वृत्तांत, छायाचित्रे आणि खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. अहवाल पुढे जाहीर होतात. अर्ज लिहिणाऱ्याने जुने अहवाल वाचावेत. जुन्या अर्जांपेक्षा त्यांतून जास्त कळते, विशेषतः ‘ठरल्यापेक्षा वेगळे झाले ते’ या अर्थाच्या परिच्छेदांतून. छायाचित्रांत लहान मुले असल्यास पालकांची संमती घ्यावी.

आक्षेप : विशीतल्या विद्यार्थ्याने आठ आठवड्यांत गावाचे भले करावे, ही कल्पनाच भाबडी आहे, असा आक्षेप घेतला जातो. दुसरा आक्षेप असा की, निवडलेल्या महाविद्यालयांपुरती पात्रता ठेवल्याने मदत आधीच सुस्थितीत असलेल्या संस्थांकडे जाते. पहिल्या आक्षेपाला उत्तर म्हणून योजनेचे समर्थक विद्यार्थ्याच्या घडणीकडे बोट दाखवतात. दुसऱ्याला समाधानकारक उत्तर नाही.

भारतातील समांतर निधी : कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. ती बहुधा संस्थेकडे जाते, विद्यार्थ्याकडे क्वचित. आयआयटी मुंबईला माजी विद्यार्थ्यांकडून मोठ्या देणग्या मिळतात. त्यांपैकी नंदन निलेकणी यांनी २०२३ मध्ये ३१५ कोटी रुपये दिले.

शिल्लक रक्कम : न वापरलेली रक्कम परत करावी लागते, दुसऱ्या कामाकडे वळवायची असल्यास आधी लेखी परवानगी घ्यावी.