वितळतार आणि मोटरीचा प्रारंभ

विद्युत् मंडलाच्या संरक्षणाचा इतिहास दिव्यापासून सुरू होतो, आणि पुढील अडचणीचे मूळही तेथेच आहे. एडिसनने १८८० मध्ये पेटंट घेतलेली वितळतार दिव्यांसाठी होती. दिव्याचा प्रवाह जवळजवळ स्थिर. त्याहून काहीशा अधिक प्रवाहाने वितळणारी तार घातली की काम भागे. त्याच दशकात प्रीस याने असे दाखविले की, वितळविणारा प्रवाह तारेच्या व्यासाच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात असतो. नियम उपयुक्त खरा; परंतु त्यात काळाला स्थान नव्हते.

१८८८ मध्ये टेस्लाला प्रवर्तन-मोटरीची पेटंटे मिळाली. १८८९ मध्ये डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की याने त्रिकला पिंजरा-मोटर सिद्ध केली. ह्या यंत्राने जुना हिशेब मोडला. ४१५ व्होल्टवरील ७·५ किलोवॅटची मोटर घ्यावी. कार्यक्षमता ०·८७ व शक्तिगुणक ०·८५ धरल्यास पूर्णभार प्रवाह सुमारे १४ अँपिअर येतो. परंतु स्थिर मोटर म्हणजे दुय्यम गुंडाळी जोडून टाकलेले रोहित्रच; म्हणून प्रारंभी प्रवाह सहापट, ८५ अँपिअरच्या घरात जातो. पूर्णभाराला जुळणारी तार प्रारंभीच वितळते. प्रारंभ सोसणारी तार २० अँपिअरचा अतिभार निमूटपणे वाहू देते, आणि गुंडाळी जळते.

तारेची जाडी बदलून हा पेच सुटणारा नव्हता. एकाच तारेवर लादलेली दोन कामे वेगळी करावी लागली. १९२४ मध्ये मानहाइम येथील हूगो श्टोट्स याने लघुमंडलासाठी चुंबक व अतिभारासाठी मंद तापणारी द्विधातु-पट्टी एकाच छोट्या मंडल-खंडकात आणली. मोटरीच्या प्रारंभकात आज पट्टीचा अभिचालित्र १४ अँपिअरवरच लावतात. मागील वितळतार मात्र खुशाल दुप्पट क्षमतेची असते.