रिमुटाकाचे इंजिन आणि आपले दप्तर

वेलिंग्टनहून निघालेली लोकल अप्पर हटला येऊन थांबते. पुढे जाते ती फक्त वायरारापाची गाडी. बरेचसे मराठी पाहुणे आमच्या गावाविषयीचे आपले कुतूहलही याच स्टेशनावर उतरवून ठेवतात. "फार लांब बुवा तुमचे घर," असे म्हणत ते आत शिरतात, पोहे खातात, चहा घेतात आणि अंधार पडायच्या आत परतीची गाडी धरतात. पण दोन गोष्टी दाखवल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही.

पहिली म्हणजे वॉलसव्हिल भागातले ब्लॉकहाउस. १८६० साली तारानाकीत जमिनीवरून लढाई पेटली, तिची धग आपल्यापर्यंत पोचेल या धास्तीने हट खोऱ्यातल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी ही दुमजली लाकडी गढी उभारून घेतली. भिंतींना बंदुकीच्या नळीपुरती भोके आहेत. त्यांतून शत्रूवर गोळी झाडण्याची वेळ कधी आलीच नाही. शाळेच्या सहलीत सिंहगड-राजगड पायी चढलेले आपले लोक हा 'किल्ला' पाहून गालातल्या गालात हसतात. पहिल्यांदा मीही हसलो होतो. नंतर माझ्यातल्या इंजिनिअरने विचारले, की लाकडी इमारत या पावसात, या भूकंपांच्या देशात, दीडशेहून अधिक वर्षे आपोआप उभी राहते काय? छपराचे पत्रे कुणी बदलले, कुजलेली फळी कुणी काढली, आणि त्याचे पैसे कुणी दिले? लढाई न झालेल्या किल्ल्याचा खरा इतिहास हा असा डागडुजीचा आणि जमाखर्चाचा असतो.

दुसरी गोष्ट गावाच्या उत्तरेला, कायटोकेपासून सुरू होणारी जुन्या रेल्वेची वाट. इथे मात्र मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

वेलिंग्टन आणि वायरारापा यांच्या मध्ये रिमुटाकाची डोंगररांग आडवी पडली आहे. (२०१७ पासून नावाचे अधिकृत स्पेलिंग 'रेमुटाका' झाले, जुन्या रेल्वेपुरते मी जुनेच नाव वापरतो.) १८७८ साली या डोंगरावरून रेल्वे सुरू झाली. आमच्या बाजूने चढ बरा होता, पण पलीकडे, समिट ते क्रॉस क्रीक या सुमारे पाच किलोमीटरांत, उतार होता पंधरास एक. आपला बोरघाट आठवून पाहा. १८६३ साली खुल्या झालेल्या त्या घाटात सर्वांत तीव्र चढ सदतिसास एक होता, आणि त्यासाठीही गाडीची दिशा उलटवणारे स्टेशन बांधावे लागले. पंधरास एक म्हणजे साध्या इंजिनाची चाके रुळावर नुसती घसरायची. यावर इलाज सापडला तो जॉन फेल या इंग्रज इंजिनिअरच्या युक्तीत. दोन रुळांच्या मधोमध उंचावलेला तिसरा रूळ टाकायचा आणि इंजिनाच्या पोटाखाली आडवी चाके बसवून ती दोन्ही बाजूंनी त्या रुळावर दाबायची. नारळाच्या झाडावर चढणारा माणूस खोडाला जशी दोन्हीकडून पकड घालतो, तसेच. उतरताना याच मधल्या रुळाला ब्रेकचे लोखंडी ठोकळे आवळत, आणि ते इतक्या झपाट्याने झिजत की पुन्हापुन्हा बदलावे लागत. अशी सहा इंजिने होती. एका गाडीला तीन-चार, कधी त्याहूनही अधिक इंजिने मधेमधे जोडून ती वर चढवीत. हा सगळा खटाटोप सत्त्याहत्तर वर्षे चालला. ३ नोव्हेंबर १९५५ रोजी ८.८ किलोमीटर लांबीचा नवा बोगदा सुरू झाला आणि घाट बंद पडला.

पुढे काय झाले? रूळ उखडले गेले. सहांपैकी पाच इंजिने मोडीत निघाली. उरलेले एक, क्रमांक १९९, पलीकडच्या फेदरस्टन गावात मुलांना खेळायला म्हणून बागेत नेऊन ठेवले. जगात शिल्लक राहिलेले फेल पद्धतीचे हे एकमेव इंजिन. त्यावर वीसेक वर्षे पोरे चढत राहिली, आणि ते उघड्यावर गंजत गेले. ऐंशीच्या दशकात गावातल्या काही लोकांनी मनावर घेऊन ते साफ करायला घेतले. १९८४ साली त्याच्यासाठी संग्रहालय उघडले. जुना रेल्वेमार्गही १९८७ पासून चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना रीतसर खुला झाला. आज त्या बोगद्यांतून विजेरी घेऊन चालताना भिंतींवरची काजळी अजून दिसते.

आता प्रश्न पैशांचा. या देशात असल्या कामांना पैसे मिळतात त्यांतला एक मोठा स्रोत म्हणजे लॉटरी. हो, लॉटरीच! महाराष्ट्र सरकारने १९६९ साली राज्य लॉटरी काढली, तेव्हा मटक्याला आळा घालणे हा एक हेतू होता. इथली परंपरा याहून जुनी आणि गमतीदार आहे. पूर्वी कायद्याने फक्त चित्रांसारख्या कलावस्तूंची सोडत काढता येई, म्हणून लॉटरीचे नावच 'आर्ट युनियन' पडले. पुढे चित्राऐवजी बक्षीस म्हणून सोने देऊ लागले आणि नाव तेवढे कलेचे राहिले. १९६१ साली 'गोल्डन किवी' आली, १९८७ साली 'लोटो' आला. लोटोचा नफा लॉटरी ग्रांट्स बोर्डामार्फत सार्वजनिक कामांना वाटला जातो. त्यात निसर्ग, जुन्या वास्तू आणि लोकांच्या आठवणी-कागदपत्रे या तिन्ही प्रकारच्या वारशासाठी पैसे मिळालेले आहेत. आमच्या घरी शनिवारचे तिकीट वाया गेले की सौभाग्यवती म्हणते, "जाऊ दे, कुठेतरी एक झाड लावले असे समजू." मला मात्र यात थोडे खटकते. तिकिटे काढणारे बहुधा हातावर पोट असलेले, आणि संग्रहालये पाहणारे आपल्यासारखे खाऊनपिऊन सुखी. पण असो.

दुसरा एक निधी आपल्या अधिक कामाचा आहे. १९९० साली वाइटांगीच्या कराराला दीडशे वर्षे झाली, तेव्हा ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडला दहा लाख डॉलरची भेट दिली. तिच्यातून मौखिक इतिहासासाठी, म्हणजे माणसांना समोर बसवून त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्यासाठी, अनुदाने सुरू झाली. शेजारी राष्ट्राने दिलेल्या पैशांतून पुतळा न उभारता म्हाताऱ्या माणसांचे बोलणे जपायचे, ही कल्पना ज्याला सुचली त्याला माझा नमस्कार.

पण अनुदान मागायला गेले की कळते की देणारा आधी काय विचारतो. निसर्गाचेच उदाहरण घ्या. आमच्या ट्रेंथम मेमोरियल पार्कमध्ये बार्टन्स बुश नावाचा जुन्या जंगलाचा तुकडा शिल्लक आहे. एके काळी सबंध हट खोरे अशाच वृक्षांनी भरलेले होते. त्यातली गेल्या शतकातली मोठी डोकेदुखी म्हणजे ट्रेडस्कॅन्शिया. होय, आपल्याकडे गॅलरीतल्या कुंडीत हौसेने लावतात तीच वेल. जंगलाच्या जमिनीवर ती गादीसारखी पसरते आणि नवे रोप उगवूच देत नाही. स्वयंसेवक गुडघ्यांवर बसून ती हातांनी उपटतात. पण नुसते "आम्ही उपटली" म्हणून भागत नाही. आधी किती होती आणि नंतर किती राहिली, हे सांगावे लागते. पक्ष्यांसाठी १९७५ साली इथल्याच शास्त्रज्ञांनी घालून दिलेली पाच मिनिटांची मोजणी आहे: ठरल्या जागी पाच मिनिटे गप्प उभे राहायचे आणि जेवढे पक्षी दिसतील-ऐकू येतील तेवढे लिहायचे. उंदीर-घुशींसाठी लहानसा बोगदा ठेवतात, आत शाईची पट्टी आणि शेंगदाण्याच्या लोण्याचे आमिष. प्राणी येतो, खातो आणि कागदावर पाऊल उमटवून जातो. माझी डॉक्टरेट ज्या विषयात आहे तिथल्या मोजमापांपुढे हे अगदी बाळबोध. पण त्याच जागी वर्षानुवर्षे तेच मोजत राहणे किती अवघड आहे, हे एका हिवाळ्यातल्या रविवारी पहाटे पाच मिनिटे गप्प उभे राहिल्यावर मला कळले. त्यातली दोन मिनिटे मी खोकत होतो.

पैशांचा आणि इतिहासाचा हा संबंध आपल्याला काही नवा नाही. पुण्यात पेशवे दप्तर पेशवाई बुडाल्यापासून सरकारच्या ताब्यात होते, हजारो रुमालांत बांधलेले. ते अभ्यासकांना मोकळे नव्हते. मग इतिहासाचार्य राजवाडे काय करीत बसले? गावोगाव पायी हिंडले, लोकांच्या माळ्यांवरची, फडताळांतली दप्तरे मागून आणली, उतरवून घेतली, आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत छापली. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे पदरमोड करून ऐतिहासिक लेख छापीत राहिले. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. एवढे सगळे होऊन गेल्यावर मुंबई सरकारने रियासतकार सरदेसाई यांच्याकडे काम सोपवले आणि सरकारी खर्चाने पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या काळात बाहेर पडले. राजवाडे ते पाहायला नव्हते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते गेले. सरकारचा पैसा आला खरा, पण ज्यांनी कागदाची किंमत लोकांना पटवून दिली त्यांच्या हयातीनंतर.

आणि ज्यांचे कागदच नव्हते त्यांचे काय? बोरघाटाचे कंत्राट घेणारा सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली हिंदुस्थानात आल्याआल्या वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते काम पुढे चालवले. तिचे नाव नोंदलेले आहे. त्या घाटात पटकीने आणि तापाने मेलेल्या हजारो मजुरांची नावे कोणत्याही रुमालात नाहीत.

बोरघाटाची ही गोष्ट मला प्रथम पुस्तकात वाचायला मिळाली नाही. ती सांगितली आपल्यातल्याच एका काकांनी. काका सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला इथे आले. तेव्हा वेलिंग्टन परिसरात मराठी घरे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. इथले बहुतेक भारतीय गुजराती नाही तर पंजाबी. आपल्यासारख्यांना मोठ्या संख्येने दार उघडले ते १९८७ च्या कायद्याने आणि १९९१ च्या गुणपद्धतीने. काकांचे वडील लोणावळ्याला रेल्वेत होते. काका इथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये नोकरीला लागले आणि तिथल्या जुन्या फिटरांकडून त्यांनी फेल इंजिनाच्या गोष्टी गोळा केल्या. एकदा मला ते रिमुटाकाच्या वाटेवर घेऊन गेले. समिटच्या बोगद्याच्या तोंडाशी थांबून म्हणाले, "अरे, हा आपलाच घाट आहे. फक्त इथे माकडे नाहीत."

बारा वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी ठरवले, की पहिल्या पिढीच्या मुलाखती घ्यायच्या आणि त्यासाठी एका निधीकडे अर्ज करायचा. अर्ज मीच लिहिला. भाषा भारदस्त होती, परिशिष्टे जोडली होती, अंदाजपत्रक तर मी स्प्रेडशीटमध्ये असे बसवले होते की पाहत राहावे. अर्ज नामंजूर झाला. पत्रात मोजके प्रश्न होते. तुमच्याकडे आत्ता काय काय आहे त्याची यादी कुठे आहे? ज्यांच्या मुलाखती घेणार त्यांची लेखी संमती आहे का? ध्वनिफिती शेवटी कुठे ठेवणार, आणि लोकांना त्या ऐकता येतील का? मंडळाचा स्वतःचा वाटा किती? मला राग आला. दोन बैठका आम्ही त्या पत्रावर टीका करण्यात घालवल्या, तिसरी कोरम न झाल्याने रद्द झाली. त्याच हिवाळ्यात काका गेले.

ते प्रश्न योग्य होते, हे कबूल करायला मला आणखी काही वर्षे लागली. यादी करायला अनुदान लागत नाही. संमतीपत्राला एक पान लागते. राजवाड्यांनी दप्तर मागताना कुठला फॉर्म भरला होता?

तर मंडळी, गेल्या उन्हाळ्यापासून मी यादी करायला घेतली आहे. आतापर्यंत तिच्यात आपल्या वार्तापत्राचे जुने अंक आहेत (सायक्लोस्टाइल केलेले चार, त्यांतले एक पान उंदराने खाल्लेले), गणेशोत्सवाच्या वर्गणीची एक वही, नाटकाच्या तालमीचे सतरा फोटो आणि अकरा कॅसेटी. येत्या गणपतीत सभागृहाच्या मागच्या खोलीत टेबल मांडून मी दिवसभर बसणार आहे. घरातल्या पेट्या घेऊन या. फोटोमागे नावे लिहिली नसतील तर आजी-आजोबांनाही बरोबर आणा. वस्तू मी ठेवून घेणार नाही; नोंद करून, फोटो काढून तिथल्या तिथे परत करीन.

अकरांपैकी सातव्या कॅसेटवर काकांचा आवाज आहे. कुणीतरी जेवणानंतर त्यांना बोलते करून टेपरेकॉर्डर चालू ठेवला होता. लोणावळ्याचे घर, वडिलांचा कंदील, पावसाळ्यात घाटात कोसळणाऱ्या दरडी, असे सगळे सलग साडेनऊ मिनिटे ऐकू येते. मग काका म्हणतात, "आणि इथे आल्यावर पहिल्याच दिवशी वर्कशॉपमध्ये..." आणि तिथून पुढे कॅसेट संपेपर्यंत कुणीतरी नंतर भरलेली आरती आहे.